आधी अर्धंच दाब

अगं, तो कॅमेरा कपाटातून बाहेर काढ पाहू. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून घेतलास आणि आता हात लावायला भिऊन राहिलीस. पुस्तिका पूर्ण वाचून झाली की सुरू करते म्हणतेस, पण तिच्या भरवशावर राहिलीस तर पोळा निघून जाईल. रिळाचे दिवस असते तर तुझी भीती मला पटली असती. ३६ फोटोंचं रीळ, ते धुवायला टाका, आणि मग कळणार की अर्धे हललेत. आता बिघडला तर पुसून टाक आणि पुन्हा काढ. म्हणून माझं ऐक. त्या चकतीवरची चित्रं नि मेनूतल्या याद्या सध्या राहू दे. दोनच गोष्टी हाताला बसव, बाकीचं मागून येतं.

त्याआधी तारीख आणि वेळ तेवढी बरोबर लाव. कंटाळा करू नकोस. प्रत्येक फोटोच्या पोटात ती तारीख कायमची बसते. पुढे दहा वर्षांनी बाबांचा हा फोटो कधीचा म्हणून घरात वाद घालायची वेळ येणार नाही.

आता पहिली गोष्ट. शटरचं बटण एका दमात खाली दाबायचं नसतं. ते दोन टप्प्यांचं आहे. हलकेच अर्धं दाबलंस की कॅमेरा अंतर जुळवतो, उजेड मोजतो, पडद्यावर हिरवी चौकट येते, बहुतेक कॅमेऱ्यांत बारीकसा आवाजही होतो. मग पूर्ण दाब. फोनच्या सवयीने आपण ठोकतो एकदम, आणि तेवढ्यात पोर चौकटीबाहेर गेलेलं असतं. फोटो उशिरा निघतो म्हणून तू कॅमेऱ्याला दोष देत होतीस ना? तो उशीर बराचसा या जुळवाजुळवीचा आहे. ती आधी उरकून ठेवायची. अंगणातल्या तुळशीवर अर्धं दाबून धर, बोट तसंच ठेवून कॅमेरा थोडा डावीकडे वळव, मग पूर्ण दाब. तुळस चौकटीच्या कडेला येईल, पण स्पष्ट येईल. रोज संध्याकाळी थोडा वेळ एवढंच कर. बोटाला तो मधला टप्पा न बघता सापडायला लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या नागपुरात राहणाऱ्या माणसाने शिकलीच पाहिजे असं माझं मत आहे. कॅमेऱ्याला समोर बैल आहे की भिंत, हे उजेड मोजताना कळत नाही. समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडी रंगाएवढं उजळ असणार असं तो गृहीत धरतो आणि त्या हिशेबाने उजेड आत घेतो. पानं, रस्ता, माणसं असं सगळं मिसळलेलं असेल तर अंदाज ठीक निघतो. पण पोळ्याला धुतलेली पांढरीशुभ्र जोडी तू चौकटभर घेतलीस की तो म्हणतो, फारच उजेड आहे, कमी करू. बैल मळकट येतो. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट ढगाळ दिवशी काढलास तरी तेच. उलट मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्यावर कॅमेरा धरलास तर तो म्हणतो, अंधार आहे, वाढवू, आणि काळी मारबत करडी होऊन बसते. १८८१ पासून निघणारी आपली काळी मारबत, फोटोत करडी? नाही चालायचं!

यावर उपाय म्हणजे ते अधिक-उण्याचं बटण. तू विचारलं होतंस ना, हे कशाला दिलंय? यासाठीच. पांढऱ्या बैलाला अधिक कर, काळ्या मारबतीला उणे कर. एक पूर्ण अंक वाढवलास की उजेड दुप्पट, एक कमी केलास की निम्मा. मधे तिसऱ्या हिश्शाच्या पायऱ्या असतात, त्या एकेक करून बघ. पिवळ्या मारबतीला बहुधा थोडंसं अधिक लागेल, पण उन्हाप्रमाणे ठरव. आणि काम झालं की पुन्हा शून्यावर आण, नाही तर पुढचे सगळे फोटो त्याच मापाने निघतील. ज्या दिवशी कॅमेऱ्याचा अंदाज चुकतोय हे फोटो काढायच्या आधीच तुझ्या लक्षात येईल, त्या दिवसापासून कॅमेरा तुझा झाला समज.

आत्या म्हणाली ना, फोन असताना हे कायले घेतलं? तिच्यावर चिडू नकोस, प्रश्न खरा आहे. रात्रीच्या अंधारात फोन कदाचित बरा फोटो देईल, कारण तो एका दमात कितीतरी फोटो घेऊन त्यांचा एक बनवतो. तुझ्या कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी पट्टी साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, अंधारात तिच्यावर दाणे येणारच. पण लांबचं जवळ आणायला त्याचं भिंग खरंच पुढे सरकतं, चित्राचा तुकडा नुसता ताणून मोठा होत नाही. इतवारीच्या गर्दीत मारबतीपाशी जाता येत नाही, तिथे याचा उपयोग कळेल. मेनूत ‘डिजिटल झूम’ असं काही दिसलं तर ते मात्र बंद कर, ते नुसतं ताणणंच आहे. आणि भिंग पूर्ण बाहेर काढलंस की हात जरासा हलला तरी फोटो हलतो, उजेडही कमी शिरतो. कोपरं बरगड्यांना टेकव, खांब असेल तर पाठ टेकव, श्वास सोडून झाल्यावर दाब.

फ्लॅशबद्दल सगळ्यांचा उलटा समज असतो. रात्री मांडवात लांबच्या स्टेजसाठी तो काही कामाचा नाही. एवढ्याशा दिव्याचा उजेड तीन-चार मीटरपर्यंत पोचतो, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी पांढरी होतात. त्याची खरी गरज भर दुपारी. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, टोपी किंवा पदर असेल तर चेहरा दिसतच नाही. तेव्हा जवळ जा आणि फ्लॅश मुद्दाम चालू करून काढ. लोक हसतील, उन्हात दिवा लावला म्हणून. हसू दे.

उन्हावरून आठवलं. पुस्तिकेत कॅमेरा ४० अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवून बाजारात जायचं नाही, बॅटरी खराब होते. घरी आल्यावर कूलरच्या वाऱ्यातही ठेवू नकोस, ती हवा ओली असते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत निघतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेव. भिंगावर बुरशी धरली तर ती काढायचा खर्च झेपत नाही.

आता मनातलं बोलते. तुझी खरी अडचण बटणांची नाही. रस्त्यात उभं राहून कॅमेरा डोळ्यासमोर धरायला तुला लाज वाटते. बाई माणूस, लोक बघतील. होमाई व्यारावाला माहीत आहे ना? १९१३ साली जन्मलेली, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेली, देशातली पहिली बाई वृत्तछायाचित्रकार. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. साडी नेसून, तो जड कॅमेरा उचलून ती पुरुषांच्या घोळक्यात उभी राहिली आणि १९४७चं दिल्लीतलं सत्तांतर तिने टिपून ठेवलं. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळालं. तुझा कॅमेरा तर मुठीत मावतो. माणसांचा फोटो घेताना आधी विचार, मग हसून काढ, आणि काढलेला त्यांना दाखव. पोट्टे तर स्वतःच समोर येऊन उभे राहतील.

आणि लांब जायची गरजच नाही. आपलं हुडकेश्वर २०१३ साली महापालिकेत आलं, पण गाव अजून पुरतं गेलेलं नाही. म्हाळगीनगर चौकातून आत आलं की इमारतींच्या रांगा, आणि मधेच एखादा मोकळा प्लॉट, त्यात पाणी साचलेलं, बगळे उतरलेले, कुणाची तरी म्हैस चरतेय. आज जिथे तूर उभी आहे तिथे पुढच्या वर्षी स्लॅब पडलेला असेल. हे फोटो दुसरं कुणी काढणार नाही, म्हणून मला तुझ्याकडून ते हवेत. एकाच कोपऱ्यावर उभी राहून उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक, थंडीत एक. थंडीत तर सकाळी सात ते नऊचा उजेड इतका नितळ असतो की तुला फार काही करावंच लागणार नाही.

काढलेले फोटो कार्डातच ठेवून देऊ नकोस. कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. महिन्याला एकदा लॅपटॉपवर उतरव, दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेव, दोन्ही उघडून बघ, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट कर.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहून झडत्या सुरू झाल्या की पांढऱ्या जोडीवर अधिक करून बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी येते, दोघी मिळून इतवारीत मारबतीला जाऊ. दुपारून घरी परत, कारण तान्हा पोळा आहे. पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला दारोदार येतील, दारातच अर्धं दाबून तयार राहा. बॅटरी आदल्या रात्रीच चार्जिंगला लाव.