नव्या मदतनिसांनो, आधी विचारा



मुंबईच्या सेंट झेवियर्स या येशूसंघीय महाविद्यालयात 2003 साली दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. अशा ठिकाणी मदतनीस लागतात. कोणी पुस्तक वाचून दाखवतो, कोणी परीक्षेत लेखनिक होतो. आपले तरुण या सेवेला निघाले, तर त्यांना काय सांगून पाठवावे?

संत मार्कच्या शुभवर्तमानातील (10:46-52) आंधळा बार्तीमय आठवू या. लोक त्याला गप्प बसवत होते. त्याला काय हवे, हे उघड दिसत होते. आम्ही असतो तर विचारलेही नसते. प्रभू येशूने मात्र आधी त्यालाच विचारले.

वर्गातही तसेच करावे. दृष्टिहीन मुलाला दंड धरून ओढू नये. विचारून आपले कोपर पुढे करावे, तो स्वतः धरील. चाकाच्या खुर्चीला परवानगीवाचून हात लावू नये. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये.

सर्वांत अवघड काम लेखनिकाचे. उत्तर चुकते आहे हे कळते, हात शिवशिवतो. तरी मुलगा सांगेल तेच लिहायचे. दया म्हणून दुरुस्त केले, तर तो पेपर त्याचा राहत नाही. सरकारी सूचनांप्रमाणे पात्र विद्यार्थ्याला तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळतात, तेव्हा त्याला घाईही करू नये. पेपरच्या एक-दोन दिवस आधी त्याला भेटून यावे. एकमेकांच्या बोलण्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.