फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा क्लच जातो कसा?

प्रश्न : आमच्याकडे जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. शेत डोंगराच्या कुशीत, शेवटचा टप्पा कच्च्या चढाचा. पावसाळ्यात खत, रोपं, कधी विटा न्यायच्या, म्हणून मुद्दाम चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली. आता चढावर रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. गॅरेजवाले म्हणतात, क्लच प्लेट संपली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवून जा. वीतभर प्लेटसाठी एवढा खटाटोप? मजुरीचा आकडा ऐकून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं झालंय. नुसती प्लेट टाकली तर भागेल का? आणि चाकं घसरू नयेत म्हणून ही गाडी घेतली, तर मग क्लच का घसरला?
– एक वाचक, भोर तालुका

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्याचं उत्तर कळलं की बाकीचे प्रश्न सोपे होतात, आणि पुढच्या क्लचचं आयुष्यही वाढतं.

इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. क्लच प्लेट त्याला चिकटून बसते आणि तिच्या पाठीवर प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर दाब देते. पेडल सोडलेलं असताना हे तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्समध्ये जातो. पेडल दाबलं की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. गाडी उचलताना मधली एक अवस्था येते. इंजिन वेगात फिरत असतं, चाकं थांबलेली असतात आणि प्लेट क्षणभर घासत घासत दोघांचा वेग जुळवते. घासणं हे तिचं कामच आहे. ते किती वेळ चालतं, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आता चिखलातली साधी, मागच्या दोन चाकांनी ओढणारी गाडी घ्या. जोर जास्त झाला की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात. गाडी रुतते, पण क्लचवरचा ताण तिथेच सुटतो. तुमच्या गाडीत चारही चाकं जमीन पकडून ठेवतात. जोर कमी पडला तर इंजिन बंद पडायला लागतं. ते बंद पडू नये म्हणून आपण काय करतो? रेस वाढवतो आणि पेडल अर्धवट दाबून धरतो. चाकं घसरत नाहीत, मग घसरतो तो क्लच. म्हणजे क्लच खाल्ला तो फोर व्हीलने नव्हे, तर फोर व्हीलच्या भरवशावर चालवलेल्या हाफ क्लचने.

हाफ क्लच किती महागात पडतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहा. मालासकट अडीच टनांची गाडी आठास एक अशा चढावर ब्रेक न लावता, पहिल्या गिअरमध्ये नुसत्या क्लचवर तोलून धरली, आणि इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर इंजिनची सुमारे ६ किलोवॅट ताकद गाडी तसूभरही न हलवता निव्वळ उष्णता होऊन प्लेटमध्ये जाते. १००० वॅटच्या सहा इस्त्र्या एकदम चालू करून त्या बंद डब्यात ठेवण्यासारखं हे आहे. घाटातल्या कोंडीत असं एक मिनिट उभं राहिलं, तर सपाट रस्त्यावर तीसेक वेळा गाडी उचलण्याइतकी उष्णता प्लेटवर पडते. प्लेटवरच्या घासणाऱ्या थरातलं, म्हणजे लाइनिंगमधलं, राळेसारखं बांधणीद्रव्य करपतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, पकड कमी होते, म्हणून प्लेट आणखी घसरते आणि आणखी तापते. जळका वास येतो तो याचाच.

यावरचा उपाय तुमच्याच गाडीत बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. फोर व्हीलच्या लिव्हरवर किंवा बटणावर ‘४एल’ किंवा ‘लो’ असं लिहिलेलं पाहा. अशा गाड्यांत लो रेंज घातली की चाकांचा वेग साधारण दोन ते अडीच पटींनी कमी होतो आणि जोर तितक्याच पटींनी वाढतो. इंजिनचे फेरे सारखे धरले, तर गाडी उचलताना क्लचमध्ये होणारी उष्णता गाडीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग अडीचपट कमी झाला की सपाटीवर उष्णता जवळजवळ सहापट कमी! उलट, आळस करून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली तर ती पहिल्या गिअरच्या सुमारे तिप्पट होते. अनेकांना लो रेंज गाडी रुतल्यावर आठवते. खरं तर भरलेल्या गाडीने चढ लागण्याआधीच, गाडी पूर्ण थांबवून ती घालायची असते. एक पथ्य मात्र पाळायचं : अशा पिकअपमध्ये बहुधा पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर हा फरक कुठेच सुटत नाही. त्यामुळे सगळी साखळी पिळली जाते. फोर व्हील चिखलात आणि सुट्या खडीवर वापरा, डांबर लागलं की काढा.

आता गॅरेजकडे वळू. गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली म्हणजे पेडलचा फ्री प्ले. केबलचा क्लच असेल, तर लाइनिंग झिजत जाईल तसा हा खेळ कमी होतो. केबल फारच ताणली गेली तर पेडल सोडलेलं असतानाही प्रेशर प्लेट पूर्ण दाबत नाही आणि धडधाकट प्लेटसुद्धा घसरते. अशा वेळी नट फिरवून काम भागतं. हायड्रॉलिक क्लच बहुतेक वेळा झीज आपोआप भरून काढतो. त्यात तक्रार उलटी असते : सिलिंडर गळू लागला की क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना दात वाजतात. दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी. मोकळ्या सपाट जागेवर, समोर कोणी नसताना हँडब्रेक घट्ट ओढा, टॉप गिअर टाका, थोडी रेस देऊन पेडल सावकाश सोडा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर क्लच धरतो आहे. चालूच राहिलं तर तो घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी उरलेलं लाइनिंग जळतं.

क्लच खरोखर गेला असेल, तर वीतभर प्लेटसाठी दोन दिवस का लागतात? कारण ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, बेल हाउसिंगच्या आत बसते. साध्या पिकअपमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स बऱ्यापैकी मोकळा होतो. तुमच्या गाडीत त्याच्या पाठीवर, पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जोर वाटणारा ट्रान्स्फर केस बसलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्येही तो थेट गिअरबॉक्सच्या मागेच बोल्टने जोडलेला असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्राने ज्या जीप जोडायला घेतल्या त्यांच्यातही हीच रचना होती. त्यामुळे काम वाढतं : पुढचा आणि मागचा असे दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन लिव्हर, फोर व्हीलच्या स्विचच्या वायरी, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर मोटर आणि गिअरबॉक्सला खालून तोलणारा क्रॉस मेंबर. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावायचा, आणि मग हा सगळा जड ऐवज सरळ रेषेत मागे ओढायचा. मजुरी याची आहे.

म्हणूनच ‘नुसती प्लेट टाका’ हा सल्ला स्वस्त वाटला तरी पुढे महाग पडतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि पेडलचा दाब तिच्यापर्यंत पोचवणारं रिलीज बेअरिंग हा संच एकदमच बदला. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते पायलट बेअरिंग किंवा बुश त्याच वेळी नवं घाला. इंजिनचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या तोंडचं सील निरखून पाहा. तिथून थोडंसं तेल नव्या प्लेटवर आलं तर सगळा खर्च पाण्यात. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा ओरखडे असतील तर फ्लायव्हील काढून लेथवर फेसिंग करून आणा, तडे खोल असतील तर नवंच घ्या.

काम चालू असताना शक्य असेल तर गॅरेजमध्ये थांबा आणि चार गोष्टींवर लक्ष ठेवा. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजच्या दोन्ही बाजूंवर रंगाची एक रेघ मारलेली असावी. शाफ्ट पुन्हा त्याच खुणेवर बसला तर गाडी थरथरत नाही. नवं रिलीज बेअरिंग कोणी डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवत असेल, तर हात धरा. त्याच्या आत कायमचं ग्रीस भरलेलं असतं. डिझेलने ते धुऊन गेलं की काही महिन्यांत बेअरिंग किंचाळू लागतं. बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाणं घातक आहे. चौथी गोष्ट म्हणजे प्लेटची बाजू आणि मध्य. प्लेटची एक ठरावीक बाजूच फ्लायव्हीलकडे असावी लागते. ती मधोमध बसवायला पायलट टूल वापरतात, नसेल तर मिस्त्री जुना गिअर शाफ्ट घालून मध्य साधतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचा भार क्षणभरही त्याच्या पुढे आलेल्या शाफ्टवर लोंबकळता कामा नये, नाहीतर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो.

गाडी हाती आल्यावर पहिले पाचशे-सातशे किलोमीटर जपून चालवा. जड माल, ट्रॉली, घाटातली घाई टाळा. नव्या लाइनिंगचा फ्लायव्हीलशी सगळीकडून नीट मेळ बसायला तेवढी सवड लागते. चढावर थांबताना गाडी हँडब्रेकवर सोपवा आणि गाडी चालती असताना डावा पाय पेडलवर विसावू देऊ नका.

शेवटचं काम म्हणजे जुनी प्लेट गॅरेजमधून मागून घ्या, ती बरंच काही सांगते. लाइनिंग सगळीकडे सारखं झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलं असेल, तर तिने आयुष्य पूर्ण केलं आणि तुमची काहीच चूक नाही. प्लेट तेलकट असेल तर सील गळतं आहे, ते न बदलता गाडी घेऊ नका. लाइनिंग भरपूर शिल्लक असून काचेसारखं चकचकीत दिसत असेल आणि फ्लायव्हील निळं पडलं असेल, तर दोष हाफ क्लचचा. मग गाडी जो जो चालवतो, त्या प्रत्येकाला ती प्लेट दाखवा आणि लो रेंजचा लिव्हर कुठे आहे तेही दाखवा. नव्या किटचे पैसे त्यानेच वसूल होतील.