मोरपंखीचे कुंपण

'विद्येचे पान पुस्तकात ठेवले की विद्या येते', ही समजूत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खरी मानली असेल. मीही मानली. आमच्या घरात पुस्तक आणणारी मी पहिलीच. त्यामुळे शाळेच्या आवारातून तोडून आणलेले ते मोरपंखीचे पान मी फार जपत असे. त्याच झाडाची थोडी ओळख येथे करून देत आहे.

मोरपंखी हे सूचिपर्णी गटातील सदाहरित झाड असून ते मूळचे चीन व कोरियाकडील होय. शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. जुन्या पुस्तकांत थुजा ओरिएंटॅलिस असे आढळते. त्याला फुले येत नाहीत. निळसर हिरवे, आकड्यांसारखी टोके असलेले छोटे शंकू येतात आणि पिकल्यावर तपकिरी होऊन उकलतात. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात साग, ऐन, मोह, बांबू आहेत. मोरपंखी मात्र बागेत लावलेलीच दिसते.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बाबा वाडीच्या कुंपणासाठी जंगलातून काटेरी फांद्या डोक्यावर आणतात. वर्षभरात वाळवी त्या खाऊन टाकते. हे श्रम वाचावेत म्हणून बारावीनंतरच्या जुलैत मी मोरपंखीची वीस रोपे लावली. त्यांपैकी बारा श्रावणातच मेली. बाबा एवढेच म्हणाले, "बाई, बांधीत धान जगते. झाडाच्या मुळाले साचलेलं पाणी चालत नाही." पुस्तकात वाचलेले 'पाण्याचा निचरा' हे शब्द मला तेव्हा समजले.

दुसऱ्या वर्षी वीतभर उंच वरंबा केला, शेणखत मिसळले आणि दोन रोपांत दोन फुटांचे अंतर ठेवले. उन्हाळ्यात बुंध्याशी धानाची तणस पसरली व संध्याकाळी पाणी दिले. या वेळी एकच रोप गेले.

छाटणीचा नियम महत्त्वाचा आहे. कात्री फक्त हिरव्या भागावर चालवावी. आतील जुन्या, तपकिरी लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही. कुंपण खाली रुंद व वर निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते व त्या वाळत नाहीत.

वाऱ्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भक्कम भिंतीला आदळून वारा पलीकडे भोवरे घेत उतरतो. झाडांच्या रांगेतून तो थोडा गाळून, मंद होऊन जातो. अशा रांगेचा आडोसा तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत जाणवतो. वैशाखातील वादळात केळी व भाजीचे मांडव आडवे होतात, तेथे याचा उपयोग आहे.

मात्र मोरपंखीला काटे नाहीत. डुकरे व गुरे ती अडवू शकत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूस सागरगोटी व निरगुडी लावावी, असे बाबांनी सुचवले आणि या पावसाळ्यात ती आम्ही दोघांनी मिळून लावली. ती वाढेपर्यंत फांद्या आणाव्याच लागतील. पण आता बाबांबरोबर मीही जाते.

धाकटी बहीण मोरपंखीचे पान पुस्तकात ठेवते. मी तिला अडवत नाही; फक्त झाडाला पाणी घालायला सांगते.