राख थंड झाली, असे समजू नका!

परवा दवाखान्यात एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोराच्या तळव्याला टरटरून फोड आले होते. "डॉक्टर, चुलीजवळ गेलाच नाही हो तो. परसात खेळत होता," आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. सकाळी बंबातली राख परसात ओतली होती. वरून ती थंड दिसत होती. दुपारी खेळता खेळता पोराचा पाय नेमका तिच्यात पडला.

राख म्हणजे निखाऱ्याची गोधडीच. ती ऊब आत धरून ठेवते आणि निखारा तासन्‌तास धुमसत राहतो. पूर्वीच्या बायका रात्री विस्तव राखेत पुरून ठेवीत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवीत, ते याच गुणामुळे. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर अनेक घरांत गॅस पोचला. तरी आंघोळीच्या पाण्याला बंब आणि भाकरीला चूल हे अजून पुष्कळ घरांत चालूच आहे. म्हणून आज राखेविषयी थोडे.

राख का काढायची?

विस्तवाला खालून वारा लागतो. जाळी राखेने बुजली की लाकूड नीट जळत नाही, नुसते धुमसते. मग धूर वाढतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. बंद न्हाणीघरात बंब पेटता ठेवून आंघोळ करणाऱ्याची शुद्ध हरपते, प्रसंगी जीवही जातो. बंब नेहमी बाहेर, उघड्यावर पेटवावा. रोजच्या धुराने मोठ्यांना दम लागण्याचा जुनाट विकार आणि लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

सफाई केव्हा व कशी?

रोज : राख सकाळी, चूल किंवा बंब पेटवण्यापूर्वी काढावी. नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा. राख झाडूने उडवू नये, पत्र्याच्या सुपलीने अलगद उचलावी. जाळीची भोके सळईने मोकळी करावीत.

आठवड्याला : बंबाच्या मधल्या नळीतली काजळी काठीला काथ्या बांधून खरवडावी. निर्धूर चूल असेल तर दोन वैलांमधला बोगदाही साफ करावा.

महिन्याला : निर्धूर चुलीचे धुराडे झाडावे. ओले लाकूड जळत असेल तर त्याआधीच. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून अशा चुली गावोगावी बसल्या, पण धुराडे बुजले की निर्धूर चूलही धूर घरातच ओकते. धुराड्याचा पाईप अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो खरवडू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो शाबूत असतानाच जाणकाराकडून काळजीपूर्वक बदलून घ्यावा.

राख ठेवायची कुठे?

झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, फरशीवर किंवा मोकळ्या जमिनीवर. प्लॅस्टिकचे घमेले, पोते, खोके नको. कडब्याची गंजी, गोठा आणि सरपण यांच्यापासून बादली लांब असावी. पाणी ओतून विझवायची असेल तर लांबून, थोडे थोडे ओतावे. एकदम ओतले तर वाफ आणि राख अंगावर उसळते. उकिरड्यावर टाकण्यापूर्वी राख निदान दोन दिवस बादलीत राहू द्यावी.

साध्या लाकडाची राख भांडी घासायला चालते. रंग दिलेले लाकूड किंवा प्लॅस्टिक जाळले असेल तर ती राख भांड्यांना नको आणि भाजीच्या वाफ्यालाही नको. मुळात अशा वस्तू चुलीत घालूच नयेत. राखेने दात घासणेही सोडावे. त्याने दातांचे कवच झिजते.

भाजलेच तर?

भाजलेला भाग लगेच २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. वाळे, पैंजण, अंगठी सूज येण्याआधी काढावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ फडक्याने सैलसर झाकून दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. डोळ्यात राख गेली तर डोळा चोळू नये. भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावा, कारण राखेत क्षार असतो.

त्या नातवाची जखम तीन आठवड्यांनी भरली. शेवटच्या ड्रेसिंगला आल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "पत्र्याची बादली आणली हो, झाकणाची." वाचकहो, तुमच्या घरी ती आहे ना?