रेषा मारणारा रोबो आणि वणीचा सर्वेअर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या वणीत घराचा पाया खोदण्याआधी लाइनआउट होतो. खुंट्या ठोकतात, लाइनदोरी ताणतात. कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला मिस्त्री एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजतो आणि तिरपं माप घेतो. ते बरोबर ५ फूट भरलं की मगच चुन्याची फक्की पडते. दहावीच्या पुस्तकातला पायथागोरस तो हाच.

मोठ्या इमारतींवर आता हे काम रोबो करू लागला आहे. एचपीचा साइटप्रिंट किंवा अमेरिकेतल्या डस्टी रोबोटिक्सचा फील्डप्रिंटर म्हणजे चाकांवरचा प्रिंटरच. तिपाईवरचं रोबोटिक टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, त्याच्यावर सतत नजर ठेवतं, तो नेमका कुठे आहे ते त्याला कळवत राहतं, आणि संगणकावर कॅडमध्ये काढलेला नकाशा थेट स्लॅबवर उमटतो. भिंती, दारं, नळाची भोकं, सगळं एकाच फेरीत. लीन बांधकामात याचं मोल मोठं. लीनचा विचार टोयोटाच्या कारखान्यातून आला. वाट बघत बसणं आणि केलेलं काम पुन्हा करणं, ही तिथे नासाडी मानतात. रेषा उशिरा पडली तर गवंडी, प्लंबर, वायरमन तिघंही खोळंबतात. चुकली तर उभी भिंत फोडावी लागते.

‘मग आमच्या पोराला काय काम उरणार?’ पालकांची ही काळजी रास्त आहे. पण रोबो आधारखुणा खऱ्याच धरून चालतो. डंपरच्या धक्क्याने एखादी खूण सरकली आणि टोटल स्टेशन लावताना दिसलेली तफावत कोणाला वाचता आली नाही, तर अख्खा मजला सुबक पण चुकीच्या रेषांनी भरेल. दुसऱ्या खुणेवरून पडताळणारा, टेप धरून कर्ण मोजणारा माणूस लागतोच. तो सर्वेअर.

हा पेशा आपल्या भागाला परका नाही. १८०२ मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन शेजारच्या हिंगणघाटला १८२३ मध्ये वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचा होता. आजचं यंत्र एकटा मुलगा किंवा मुलगी खांद्यावर नेते, त्रिकोण मात्र तेच आहेत.

वाट सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड, किंवा तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा. सोबत कॅड पक्कं हवं. छपाईचे रोबो आपल्याकडे अजून विरळ आहेत, म्हणून ‘रोबोटिक्स’च्या महागड्या छोट्या कोर्सला पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. आधी टोटल स्टेशनवर हात बसू द्या. ते मेट्रोच्या कामावर लागतं, तसंच वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) इथल्या खुल्या खाणींतही लागतं. खाणीत सर्वेअर म्हणून नेमणुकीसाठी अनुभव घेऊन खाण सुरक्षा महासंचालनालयाची सर्वेअरची परीक्षा द्यावी लागते. आणि मे महिन्यातलं आपलं ऊन या कामात चुकत नाही, हे मुलांना आधीच सांगा.

प्रवेशाआधी संस्थेत स्वतः जा. टोटल स्टेशन किती, एका गटात मुलं किती, एकेकाच्या हाती ते आठवड्यातून किती वेळ येतं, हे विचारा. कपाट उघडायला लावा, यंत्र बाहेर काढायला सांगा. त्याची बॅटरी चार्ज आहे का, तेही बघा.