फोन शेवटी घ्यायचा

राहुरीत तू लॅब टाकतेस, वांबोरीला आणि देवळाली प्रवरेला नमुने घ्यायची केंद्रं उघडणार आहेस, आणि मला विचारतेस, मामा, इंटरनेटवरचा फोन कुठला घेऊ? अगं, फोन शेवटी घ्यायचा. आधी नंबर ठरव, मग लाइन, मग विजेची सोय. लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. रंगीत पडद्याचं यंत्र घेऊन येतात आणि मग ते कशाला जोडायचं हे विचारत फिरतात. टेलिफोन खात्यात खांबावर चढण्यात माझं आयुष्य गेलं, यंत्रांचं मला वावडं नाही, तरी सांगतो.

यंत्र बिघडलं तर दुसरं येतं. नंबर मात्र तुझ्या पाटीवर असतो, रिपोर्टच्या कागदावर असतो, डॉक्टरांच्या टेबलावरच्या डायरीत असतो. तो बदलायची वेळ आली तर वर्षभर पेशंट जुन्याच नंबरावर फोन करत राहतात. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ती सोय आपल्याकडे नाही. ०२४२६ चा राहुरीचा नंबर ज्या कंपनीकडून घेशील, तिला सोडलंस की तो नंबरही सुटला. म्हणून पहिल्या वर्षाची सवलत बघू नकोस, ही कंपनी दहा वर्षांनी आपल्या रस्त्यावर असेल का ते बघ. दादांच्या गाळ्यातला बीएसएनएलचा नंबर अजून चालू असेल तर तो मुळीच सोडू नकोस. तांब्याच्या तारेवरून त्यांच्याच फायबरवर जाताना जुना नंबर कायम ठेवता येतो. अर्ज करतानाच तसं लिहून दे, नंतर तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्थानिक कोडाचं महत्त्व कमी समजू नकोस. ०२४१ दिसला की नगर, ०२४२५ संगमनेर, ०२४२२ श्रीरामपूर. आपल्याकडचा म्हातारा माणूस अनोळखी मोबाइल नंबर उचलत नाही, पण ०२४२६ बघून उचलतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, कोड होते तेच राहिले.)

कनेक्शन कुणाच्या नावावर आहे हे डोळ्यांनी वाच. गावोगावचे केबलवाले आता मोठ्या कंपन्यांचे फायबर जोडून देतात, माणसं बहुतेक चांगली असतात, पण घाईत फॉर्म भलत्याच नावाने भरला जातो. बिल, पावती आणि कंपनीच्या ॲपमधलं नाव तुझं किंवा लॅबचं हवं. पुढे भांडण झालं तर नंबर ज्याच्या नावावर त्याचा. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. जाहिरातीतला आकडा बहुधा त्याच्याशिवायचा असतो, हेही धरून चल.

आता लाइन. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणजे आवाज छान येईल, असं सांगणारा सेल्समन तुला भेटणारच. आवाजाला इतकं काही लागत नाही. जी ७११ नावाची जुनी, भरवशाची पद्धत आहे. तिच्यात एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. पाच जण एकदम बोलले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास काम भागतं. बोलणं बारीक तुकड्यांत कापलं जातं, सेकंदाला बहुधा ५० तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वेळेवर पोचावा लागतो. मुळा धरणाचं आवर्तन पीक वाळल्यावर सुटलं तर कालवा कितीही भरून वाहो, काय उपयोग? तसा उशिरा आलेला तुकडा यंत्र सरळ टाकून देतं, आणि तुला समोरच्याचा शब्द अर्धा ऐकू येतो. तोंडातला शब्द समोरच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज वाटतं. त्याहून बराच उशीर होऊ लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

म्हणून विचारायचं ते अपलोडचं आणि संध्याकाळचं. रात्री आठ-नऊला गाव मोबाइलवर सिनेमे बघत असतं. त्या वेळी शेजारच्या दुकानात जा, ज्याच्याकडे तेच कनेक्शन आहे त्याच्या वायफायवरून दहा मिनिटं व्हॉट्सॲप कॉल कर. स्पीड टेस्टचा काटा किती फिरला यापेक्षा त्या दहा मिनिटांत तू ‘हॅलो, हॅलो’ किती वेळा म्हणालीस ते मोज. फायबर मिळत असेल तर हवेतून येणाऱ्या इंटरनेटवर लॅबचा मुख्य फोन ठेवू नकोस. ते दुसरं, आडवेळचं कनेक्शन म्हणून घे.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फायबरवाला जी पेटी भिंतीवर लावतो, ती ओएनटी, तिच्या मागे इंटरनेटच्या खाचांशेजारी एक लहान खाच असते, साध्या टेलिफोनच्या वायरीची. कंपनीचा स्वतःचा लँडलाइन नंबर तिथून येतो. साधारणपणे त्या आवाजाला कंपनी वेगळी वाट देते, त्यामुळे तुझा सीसीटीव्ही आणि रिपोर्टच्या फाइली वर चढत असल्या तरी बोलणं तुटत नाही. राहुरीच्या मुख्य नंबरासाठी मी हीच खाच वापरीन. साधा बटनाचा फोन त्यात लाव, झालं. यंत्राचा खर्च जवळपास नाहीच.

इंटरनेटवरून नंबर घेण्याचे इतर मार्गही आहेत. २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ काढली, दहा आकडी नंबर, सिमकार्ड नाही, ॲपवरून बोलायचं, वर्षाला १,०९९ रुपये आणि वर कर, असा तेव्हा भाव होता. त्याआधी आपल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल लावणं फार अडचणीचं होतं. १ एप्रिल २००२ ला इंटरनेट टेलिफोनी खुली झाली, पण बंधनांसह. स्काइपने तर नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातल्या भारतात फोनवर कॉल लावण्याची सोयच बंद केली, आणि ५ मे २०२५ ला स्काइपच बंद झालं. एखाद्या ॲपवर सगळा धंदा टांगू नये, ते यासाठी. ‘रिपोर्टसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या क्लाउड टेलिफोनीच्या कंपन्या आहेत, त्या येणारा कॉल तुझ्या माणसांच्या मोबाइलवर वळवतात आणि कुणाचा कॉल हुकला त्याची यादी देतात. लॅबला यादीचा उपयोग आहे. मात्र कॉल वळवण्याचे पैसे वेगळे लागतात का, आणि सेवा सोडली तर नंबराचं काय, या दोन प्रश्नांची उत्तरं ईमेलवर घे.

विजेचं आता नीट ऐक. जुन्या लँडलाइनला घरच्या विजेची गरजच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तारेतून यायचे, गावात अंधार असला तरी फोन चालू. (रिंग आली की तोच व्होल्टेज चढायचा, आणि तार हातात असलेल्या लाइनमनला झटका बसायचा. आमची सगळ्यांची बोटं त्याला ओळखतात.) फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. लाइट गेली की ओएनटी मेली आणि फोनही मेला. ओएनटीच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर ते छापलेलं असतं. ते बघून राउटरचा छोटा यूपीएस घे, बीआयएसची खूण असलेला. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटन ‘यूपीएस’ वर ठेव. नाहीतर लाइट जाता-येता क्षणभर खंड पडतो, राउटर पुन्हा सुरू होतो आणि दोन मिनिटं तुझा फोन बंद.

एवढं करूनही फोन बंद पडू शकतो, कारण केबलवाल्याच्या ऑफिसातलं मोठं यंत्र, ज्याला ते ओएलटी म्हणतात, त्यालाही वीज लागते. तिथपासून तुझ्या दारापर्यंत मध्ये बहुधा विजेवर चालणारं काही नसतं. तेव्हा कनेक्शन घेताना त्याला एकच प्रश्न विचार: लाइट गेल्यावर तुमची ओएलटी किती तास चालते? जो जनरेटर दाखवायला नेतो, त्याच्याकडून घे. ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर फायबर तुटलं आहे. कुठेतरी जेसीबी चालू असणार. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसू नकोस, केबलवाल्याला फोन कर, अर्थात मोबाइलवरून. १०८ आणि ११२ साठीही लॅबमध्ये एक साधा मोबाइल कायम चार्ज असू दे. इंटरनेटवरच्या नंबरावरून हे कॉल लागतीलच आणि तुझा पत्ता त्यांना कळेलच, असं धरून चालू नये.

वळवाच्या पावसाचं भय फायबरला कमी, तरी आहे. घरात येणाऱ्या काळ्या केबलमध्ये काचेसोबत बहुधा पोलादी तार असते, ताण धरायला. ती आत ओएनटीपर्यंत ओढू देऊ नकोस, बाहेरच तोडून अडकवायला सांग. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची फोनवायर छतावरून नेऊ नकोस. वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं जातात.

आता यंत्रं, थोडक्यात. जुना फोन इंटरनेटला जोडायला एक छोटी पेटी मिळते, एटीए. तिच्यात फोन लावायची खाच ‘एफएक्सएस’ हवी. ‘एफएक्सओ’ म्हटलेली खाच बाहेरून येणारी लाइन घेण्यासाठी असते, आणि दुकानदार नेमकी तीच गळ्यात मारतो. आजोबांचा गोल डायल फिरवायचा काळा फोन लॅबच्या काउंटरवर ठेवायची तुझी हौस मला माहीत आहे. काही पेट्या फक्त बटनाचे सूर ओळखतात, डायलचे ठोके नाही. घेण्याआधी लावून बघ. तीन-चार टेबलांसाठी आयपी फोन घ्यायचे तर नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारे घे. त्यासाठीचा पीओई स्विच एकदाच घ्यावा लागतो, आणि त्या एका स्विचला यूपीएस दिला की सगळे फोन जगतात. फॅक्सचं विसर, आवाज दाबून पाठवणाऱ्या लाइनीवर तो धड जात नाही.

फोन लागतो, पण एकाच बाजूचं ऐकू येतं, अशी तक्रार हमखास येईल. फोन बदलू नकोस. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिप एएलजी’ नावाचा पर्याय असतो, तो बंद कर. मदत करायला म्हणून तो पत्त्यांमध्ये ढवळाढवळ करतो आणि आवाज भलतीकडे पाठवतो. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

वांबोरी आणि देवळालीला आतला फोन, म्हणजे इंटरकॉमसारखा, हवा असेल तर लॅबमध्ये स्वतःचं एक्स्चेंज बसवायचा मोह होईल. तिथे अडचण अशी की साध्या कनेक्शनवर कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, त्यामुळे बाहेरची केंद्रं तुझ्या यंत्रापर्यंत पोचू शकत नाहीत. स्टॅटिक आयपी वेगळा घ्यावा लागतो, महिन्याचे जादा पैसे देऊन. आणि तो घेतलास की जगभरचे चोर त्या दारावर टकटक करायला लागतात. ‘१२३४’ पासवर्ड असलेलं एक्स्टेन्शन मिळालं तर रात्रीतून तुझ्या नंबरावरून परदेशी कॉल होतात, बिल तुझं. परदेशी कॉल कंपनीकडूनच बंद करून घे, पासवर्ड लांब ठेव, केंद्रं व्हीपीएनमधूनच जोड. दोन केंद्रांसाठी मी तरी हा खटाटोप करणार नाही, महिन्याच्या भाड्याची सेवा घेईन. कुठलीही घेतलीस तरी बसवणाऱ्याला सांग, मोबाइलला कॉल जाताना पुढे शून्य आपोआप लागला पाहिजे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना तो लागतो.

घरासाठी मात्र यातलं काहीच घेऊ नकोस. मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू कर. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. नंबर तोच आणि यंत्र काही नाही. नगरच्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथे टॉवर पोचत नाही पण घरात इंटरनेट आहे, तिथे याच्याइतकं स्वस्त औषध नाही. दुबईतल्या तुझ्या भावाचं वेगळं. तिकडे व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, तिकडच्या फोन कंपन्यांनी मान्य केलेलं बॉटिमसारखं ॲप त्याला लागतं, आणि तेच इकडे ताईच्या मोबाइलवर टाकावं लागतं. पुढच्या वेळी तो आला की त्याच्याकडूनच टाकून घे.

शेवटचं, आणि हे गंभीर आहे. कुणी येईल आणि म्हणेल, तुमचं फायबर चांगलं आहे, एक पेटी ठेवतो, तिच्यात थोडी सिमकार्डं असतात, तुम्हाला काही करायचं नाही, महिन्याला भाडं देतो. ती सिमबॉक्स असते. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक नंबराचे भासवायचा तो धंदा आहे, आणि फसवणुकीच्या कॉलना त्याचाच आधार. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि पोलिस पहिल्यांदा येतात ते जिच्या नावावर कनेक्शन आहे तिच्याकडे. दादांच्या गाळ्यामागची खोली रिकामी आहे हे गावाला माहीत आहे, म्हणून सांगितलं.