परसबागेतली जादा भाजी : कुजवू नका, गटात फिरवा



श्रावण-भादव्यात दोडका, दुधी, काकडी, घेवडा वेलीवर मावत नाही. रोज तीच भाजी म्हणून पोरं नाक मुरडतात. चार दोडके विकायला तालुक्याला जावं तर एसटीचं तिकीटसुद्धा निघत नाही. मग जून झालेली भाजी गुरांपुढे जाते. आणि त्याच आळीत दुसऱ्या एखाद्या घरी डाळ-बटाट्यावर दिवस निघतो. या अंकाचा पाठ यावरच आहे.

हे का महत्त्वाचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे आपल्या १० जणींच्या गटात निम्म्या जणी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम भाजी आणि फळं खावीत. चार मोठ्या माणसांच्या घराला हे रोजचे १ किलो ६०० ग्रॅम होतात. एवढं सगळं विकत आणणं आपल्याला परवडत नाही. पण एकीकडे शेवग्याचा पाला आहे, दुसरीकडे लिंबू. दोन्ही एका ताटात आलं की पाल्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. (दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.)

वानवळा आपल्याकडे आहेच, मग नवीन काय?

शेतातलं पहिलं पीक शेजारी-पाजारी, लेकीकडे, पाहुण्यांकडे पाठवायची आपली रीत जुनी. पण वानवळा ओळखीच्या घरी जातो. वस्तीच्या टोकाला राहणारी, नुकतीच गावात आलेली, एकटी राहणारी बाई त्यात सुटते. गटाच्या बैठकीत मात्र सगळ्या जणी एका सतरंजीवर बसतात. म्हणून देवघेव बैठकीतच करायची.

नियम साधे ठेवा

१. साप्ताहिक बैठकीला येताना जादा भाजी सकाळी तोडून आणायची. कोवळी, ताजी, स्वतःच्या घरात शिजवाल अशीच.

२. सगळी भाजी एकत्र मांडायची. आधी बचत, कर्ज, परतफेडीचं कामकाज, मग वाटप.

३. जिची पिशवी रिकामी, तिने आधी उचलायचं. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. "मी काय आणू?" या लाजेने एखादी ताई बैठकच टाळायला लागली, तर भाजी वाचली पण बाई गेली. तिने बियाणं, शेणखत, राख किंवा तासभर निंदणीची मदत दिली तरी ती देवघेवच आहे. काहीच नाही दिलं तरी चालेल.

४. दुधी बरोबर मेथीच्या किती जुड्या, असा हिशेब घालू नका. एका साध्या वहीत फक्त काय आलं ते लिहा. ही वही गटाच्या लेखा पुस्तकांपासून वेगळी. भाजीच्या बदल्यात हप्ता माफ, असं कधीच करायचं नाही.

५. फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय भाजी आणायची नाही.

६. दुधी चिरला की आधी कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि दुधी फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो. शिजवून तो चांगला होत नाही.

खरी देवघेव पेरणीपासून

सगळ्यांनीच दोडका लावला तर बदलायचं काय? म्हणून मृगाच्या आधीच्या बैठकीत ठरवा, कोण काय लावणार. दोघी दुधी, दोघी कारली, दोघी घेवडा, बाकीच्या भेंडी-गवार. पालेभाजी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरला तर पुरवठा चालू राहतो. जागा नसेल त्या ताईने जुन्या घमेल्यात, गोणीत कोथिंबीर-पुदिना लावावा. भांडी विसळलेलं बिनसाबणाचं पाणी त्याला पुरतं.

प्रत्येक जातीचं एक चांगलं फळ वेलीवरच पिकू द्या. बी काढून सावलीत सुकवा, राख लावून कोरड्या बाटलीत ठेवा आणि वर नाव-महिना लिहा. हे गावठी वाणासाठीच. संकरित बियाण्याचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देईल याची खात्री नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बी जपलं. त्यांची बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुढच्या बैठकीत करून बघा

• प्रत्येकीने सांगायचं : माझ्याकडे जादा काय? मला हवं ते काय?
• फळ्यावर दोन रांगा करून लिहा. जुळेल ते जोडा.
• "हवं" मध्ये आहे, पण कोणाकडेच नाही, अशा भाज्यांवर खूण करा. पुढच्या हंगामात तीच लावायची.
• चार बैठकांनंतर वही उघडून बघा : कोणती ताई एकदाही भाजी घेऊन गेली नाही? तिच्या घरी जाऊन या.